गोजर होणं

हातातलं काम अर्ध्यावर ठेवून माणूस समोर कुठेतरी बघत उभा राहिला, की त्या गावात त्याला म्हणायचे, ‘गोजर झाला.’

कढईत तेल तापलंय आणि सून दारातून बाहेर बघत उभी, म्हणजे सून गोजर झाली. नांगराचा बैल वळणावर थांबला आणि हलेना, तर बैल गोजर झाला. शाळेतले गुरुजी फळ्यावर अर्धी बेरीज मांडून खिडकीकडे बघायला लागले, की पोरं एकमेकांना कोपराने ढोसून म्हणायची, ‘गुरुजी गोजर झाले.’ एकदा वीज गेली आणि पिठाची गिरणी अर्ध्या पायलीवर बंद पडली, तर धोंडीबाईने तिथेच जाहीर केलं की आता गिरणीसुद्धा गोजर झाली.

किन्हवलीपासून थोडं आत असलेल्या या गावात गोजर आडनावाचं घर मात्र एकच. त्या घरातला कोंडू गोजर हा सगळ्याचं मूळ. आणि शब्द काढला तो त्याच्या बायकोने, गोदूने.

गोदू लग्न होऊन आली त्या वर्षीची भाताची कापणी होती. गावात सावड चालते. आज सगळे माझ्या शेतात, उद्या सगळे तुझ्या. एका ओळीत बसून कापत पुढे सरकायचं. ओळीत एक जरी मागे राहिला तरी सगळी ओळ वाकडी होते. त्या दिवशी कोंडू विळा हातात घेऊन उठला, आणि पार लांब डोंगराच्या रांगेत सिद्धगडाचं टोक दिसत होतं ते बघत उभा राहिला. का, ते विचारू नये. त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. ओळ पुढे गेली आणि कोंडूच्या जागी भाताची एक उभी पट्टी मागे राहिली.

बायका गोदूला म्हणाल्या, “बोलाव गो तुझ्या नवऱ्याला.”

आता बोलावणार कसं? नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. ‘अहो’ म्हणावं तर शेतात दहा जणींचे दहा अहो. नवी नवरी घाबरेल, लाजेल, अशी बायकांची अटकळ. गोदूने पदर खोचला आणि हाक मारली, “ओ गोजर!”

सगळं शेत हसलं. शेजारचा देवजी तर हसता हसता बांधावर बसला, आणि बसल्यावर तंबाखूची डबी काढून तिथेच रमला. गोदू लगेच म्हणाली, “हे बघा, देवजीभावजी पन गोजर झाले.”

झालं. त्या दिवसापासून आडनाव कोंडूचं राहिलं नाही, गावाचं झालं. पहिली दोन वर्षं कोंडूला राग यायचा. मग सवय झाली. मग, खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटायला लागलं. त्याच्या बापाने विहीर बांधली, आजोबाने आंबे लावले. त्याने काय केलं, तर नुसता उभा राहिला आणि गावाला एक शब्द दिला.

यंदा शिमगा झाला आणि गोदू गेली. ताप आला, शहापूरला नेली, तिथे चार दिवस ठेवली, आणि परत आणली ती अशीच आणली. त्याबद्दल जास्त काही सांगण्यासारखं नाही.

तिच्यामागे तो शब्दही गावातून गेला. कोणी बसून ठरवलं नव्हतं. पण कोंडूच्या तोंडावर त्याच्या गेलेल्या बायकोचा शब्द कसा काढायचा, असं एकेकाला वाटलं. तोंडावर नाही म्हणता म्हणता मग पाठीमागेही म्हणेनासे झाले. आवणीच्या वेळी कोंडूच्या ध्यानात आलं. चिखलात रोपं लावता लावता देवजी कंबर धरून उभा राहिला, चांगला वेळ उभा राहिला, आणि त्याची बायको धोंडीबाई म्हणाली, “काय हो, थांबलात का?”

थांबलात! कोंडूला वाटलं, घरात शिरून कोणी तरी भिंतीवरचा फोटो काढून नेला.

त्याला फार काही नको होतं. एकदा कोणीतरी मोठ्याने ओरडून आपल्याला गोजर म्हणावं, एवढंच. गोदूच्या साड्या होत्या, तिचा विळा होता, पण ते तिने आयते घेतलेले. शब्द तिने स्वतः केलेला. तो गावाने टाकला तर तिचं असं मागे काय उरलं? पण हे सांगणार कोणाला? मला चिडवा हो, असं सांगत कोणी दारोदार फिरतं का?

*

कोंडूची मुलगी नम्रता मुरबाडला कॉलेजात इंग्रजी घेऊन एम. ए. करत होती. रोज एसटीने जायची, संध्याकाळी यायची, भाकऱ्या करायची आणि मग ओट्यावर बसून मैत्रिणीशी फोनवर बोलायची. मैत्रिणीचं नाव पूजा. बोलणं अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, आणि वरून हसणं. कोंडू भिंतीला टेकून ऐकायचा. कळायचं नाही, पण घरात आवाज असायचा.

दिवाळी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी ती सारखा एकच शब्द बोलत होती. फोन ठेवल्यावर कोंडू म्हणाला, “हा टोल्मर कोन? तुज्या बोलन्यात सारखा येतो. पोरगा बिरगा नाय ना?”

“पोरगा काय बाबा! मरून शंभर वर्षं झाली त्याला. जर्मन भाषेत कविता लिहायचा.”

“मंग तू त्याला फोनवर काय करतेस?”

नम्रता हसली. “तो माणूस नाय, आता शब्द आहे तो. टोल्मर हे त्याचं आडनाव. पण इंग्रजीत ते क्रियापद म्हणून वापरतात. पूजाच्या घरी परवा पाहुणे आले होते, ते गेले, तरी तिची आई अर्धा तास दारातच उभी. तर पूजा म्हणाली, शी वॉज टोल्मरिंग.”

“असं का?”

“त्याच्या सगळ्या कविता तशाच आहेत. कोणीतरी निघून जातं आणि हा दार लावत नाय. पाहुणा गेला, दार उघडं. पत्र टाकणारा गेला, दार उघडं. म्हणून जो कोणी असा दारात उभा राहील, तो टोल्मर करतोय.”

कोंडू भिंत सोडून सरळ बसला. “हे तेनं सवता सांगितलं, माज्या नावाचा शब्द करा म्हनून?”

“नाय. लोकांनीच केलं.”

“तेच्या बायकोनं?”

“त्याचं लग्नच नव्हतं झालं.”

“मंग बरोबर,” कोंडू म्हणाला. “म्हनून मरेपर्यंत थांबावं लागलं. बायको असती तं पैल्या कापनीलाच झाला असता.”

नम्रता काहीतरी बोलणार होती. तिच्या ओठांवर तो शब्द आला होता, कोंडूला तो दिसला सुद्धा. पण तिने पाण्याचा तांब्या उचलला आणि म्हणाली, “तुमी गोळी घेतलीत का बाबा?”

“घेतली. पुढं सांग. असं कोनाचंबी आडनाव चालतं का?”

“संजीवनी मॅडमनी तेच शिकवलं आज. निबंध पण दिलाय. मॅडम म्हणतात, इंग्रजीत माणसाच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं काढतात. नावाचा शब्द झाला की हळूहळू लोक ते लहान काढायला लागतात.”

“म्हंजे मानूस लहान होतो?”

“तसं नाय हो.”

“आपल्याकडं सगळी अक्षरं एका मापाची. बरं हाय. कोनाचं भांडान नको.”

“आणि मॅडम म्हणतात, शब्द पक्का झाला कधी समजायचं? ज्याला तो माणूस माहीतच नाय, असा कोणीतरी तो सहज बोलून जातो, तेव्हा. आमी टोल्मर म्हणतो ते कविता वाचून म्हणतो. म्हणजे अजून थोडं कच्चंच.”

नम्रता आत गेली, भांडी घासून आली, तरी तो तसाच बसलेला. तिने बघितलं, तिला काय म्हणायचं होतं तेही तिला माहीत होतं. ती म्हणाली, “झोपा आता.”

कोंडूने मात्र मनाशी एक ठरवलं. मागायचं नाही, पण लोकांना संधी तर देता येईल! कापणी तोंडावर आली होती. आपण असे उभे राहू, असे उभे राहू, की तो शब्द बोलल्याशिवाय कोणाला राहवणार नाही.

*

पहिल्या दिवशी सावड देवजीच्या शेतात होती. कोंडू ओळीच्या बरोबर मधोमध बसला. मुद्दाम. कडेचा माणूस मागे राहिला तर चालून जातं, मधला राहिला तर ओळीला भगदाड पडतं.

चार वाफे नेटाने कापले. मग उठला. डोंगराकडे तोंड केलं, विळा खाली सोडला, आणि उभा राहिला.

त्याला स्वतःला हसू येत होतं. इतकी वर्षं तो नकळत उभा राहायचा. ठरवून उभं राहणं भलतंच अवघड निघालं. पाय कुठे ठेवावा कळेना. नाकाला खाज सुटली. डोंगरात बघण्यासारखं काही सापडेना. तरी तो हटला नाही.

ओळ पुढे गेली. मागे भाताची पट्टी राहिली. बायकांची कुजबुज बंद झाली. कोंडूचे कान मागे लागलेले.

धोंडीबाई उठली. धोंडीबाई म्हणजे गोदूची जोडीदारीण. सगळ्या कापण्या दोघी शेजारी बसायच्या. गावात सगळ्यात मोठा आवाज तिचा. कोंडूला वाटलं, आली. आता आली.

“भावजी,” धोंडीबाई म्हणाली, “गो... गोळी घेतली का सकाळची?”

“घेतली,” कोंडू म्हणाला.

“मंग पानी प्या थोडं.” आणि तिने कळशीतून तांब्या भरून आणला.

कोंडू पाणी प्यायला. तहान नव्हती. परत बसला आणि दणादण कापत ओळ गाठली.

दुपारी भारे वाहताना त्याने पुन्हा करून बघितलं. डोक्यावर भारा, अर्ध्या वाटेत उभा. मागे भारेवाल्यांची रांग लागली. एरवी गोदू असती तर म्हणाली असती, ‘ओ गोजर, मागं गावाची वरात थांबलीय, नवरा तुमी नाय.’ आज मागचा एक जण खाली उतरून बांध सोडून चिखलातून गेला, दुसरा त्याच्या मागून गेला, आणि देवजीने येऊन कोंडूच्या डोक्यावरचा भारा स्वतःच्या डोक्यावर घेतला.

“बस सावलीत,” तो म्हणाला. “आमी हाओत ना.”

“अरे मला काय झालंय?”

“काय नाय झालं. बस.”

दुसऱ्या दिवशी कोंडू तीन वेळा उभा राहिला आणि तीन तांबे पाणी प्यायला. तिसऱ्या वेळी धोंडीबाईने लिंबू पिळून आणलं होतं. तिसऱ्या दिवशी तर त्याने उठायच्या आधीच कोणीतरी कळशी जवळ आणून ठेवली. त्या दिवशी पाणी पिऊन पिऊन त्याला सारखं आडोशाला जावं लागलं, आणि तो आडोशाला गेला की ओळ काळजीने थांबायची, की म्हाताऱ्याला आता साखरेचा तर त्रास नाही?

देवजीने संध्याकाळी ओट्यावर येऊन नम्रताला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे कोंडूपासून दोन हातांवर.

“पोरी, तुज्या बापाचं लक्षान ठीक नाय. उभ्या उभ्या जातो.”

“जातो म्हणजे?”

“म्हंजे हितंच असतो, पन नसतो. छातीचं काय असंल. मुरबाडला एक चांगला डॉक्टर हाय, मशीन लावून बघतो. उद्या घेऊन जा.”

“अरे देवजी,” कोंडू पुढे झुकून म्हणाला, “मी आदीपासून असाच उभा राहतो ना? तुला म्हाईत नाय का? तेला काय म्हनतात गावात?”

देवजीने त्याच्याकडे बघितलं. मग खाली बघितलं, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली.

“डॉक्टर सांगंल काय म्हनतात ते,” तो म्हणाला आणि घरी गेला.

*

मुरबाडचा डॉक्टर तरुण होता. त्याने कोंडूच्या छातीला वायरी लावल्या, दंडाला पट्टा बांधला, डोळ्यांत बॅटरी मारली.

“काय होतं नक्की?”

“उभा राहतो,” कोंडू म्हणाला.

“चक्कर येते?”

“नाय.”

“डोळ्यांपुढे अंधार?”

“नाय. डोंगर असतो.”

डॉक्टरने नम्रताकडे बघितलं. नम्रता छताकडे बघत होती.

“मुद्दाम उभे राहता?” डॉक्टरने विचारलं.

“आदी मुद्दाम नव्हतो राहत. हल्ली राहतो.”

“मग नका राहू,” डॉक्टर म्हणाला. “तुमचं हृदय उत्तम आहे. आणि पाणी जरा बेताने प्या.”

बाहेर आल्यावर नम्रता त्याला घेऊन स्टँडकडे निघाली. तिथे पोचल्यावर तिने डॉक्टरच्या कागदांची पिशवी त्याच्या हातात दिली. मग म्हणाली, “बाबा, मुद्दाम का उभे राहता?”

कोंडू म्हणाला, “तुजा तो टोल्मर दार का लावत नाय?”

“तो कवी होता.”

“मी नाय. पन माजंबी दार हाय.”

ती आणखी काही विचारणार, तेवढ्यात स्टँडवर गर्दी हलली. किन्हवलीकडे जाणारी गाडी लागायची वेळ झाली होती. त्यांच्या पुढेच एक जोडपं होतं. बाई ठेंगणी, काटक, काखेत गाठोडं, हातात दोन नवे विळे कागदात गुंडाळलेले. तिचा नवरा डोक्यावर गोणी घेऊन उभा. गोणीच्या ओझ्याखाली तो स्टँडच्या पलीकडे, घरांच्या वर दिसणाऱ्या डोंगरांकडे एकटक बघत होता. लोक त्याला वळसा घालून जात होते.

बाई दहा पावलं पुढे गेली, मागे वळली, आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडली, “अवं, हितं गोजर होऊ नका! गाडी भरंल!”

कोंडूच्या हातातून कागदांची पिशवी पडली.

तो सरळ त्या बाईपुढे जाऊन उभा राहिला. “बाई, काय म्हनलात तुमी?”

बाईने गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं. भांडणाची तयारी. “माज्या नवऱ्याला म्हनले. तुमाला काय?”

“तसं नाय. तो शबूद कुठला?”

“कुठला म्हंजे? गोजर? गोजर म्हाईत नाय तुमाला?” तिने कोंडूला खालपासून वरपर्यंत बघितलं. “कुठले तुमी?”

“किन्हवलीकडचा.”

“आमीबी तिकडंच चाललोय, पावन्यांकडं. तिकडं मानसं गोजर होत नाय का?”

कोंडू म्हणाला, “व्हायची. हल्ली कमी झाली.”

“आमच्याकडं पैल्यापासून म्हनतात,” बाई आता जरा मऊ झाली. “माजी आजी म्हनायची.”

“तुमची आजी?” कोंडूला राहवलं नाही. हा शब्द जन्मला तेव्हा या बाईची आजी कापणीला वाकत तरी होती का, शंकाच होती. “नक्की आजी?”

“तर काय! आजीच्या तोंडात सारखा. लय जुना शबूद हाय तो.”

तोवर नवरा गोणीसकट जवळ आला होता. त्याने डोकं न हलवता, फक्त डोळे फिरवून सांगितलं, “पाखरू असतं ते.”

“काय असतं?” कोंडू म्हणाला.

“गोजर. पाखरू. बगळ्यापरीस थोरलं, राखी रंगाचं. भाताच्या खाचरात एका पायावर उभं राहतं आनि तासभर हलत नाय. त्याच्यावरनं म्हनतात.”

नम्रताने ओढणी तोंडावर घेतली. तिचे खांदे हलत होते.

कोंडूने गंभीर चेहऱ्याने विचारलं, “तुमी सवता बघितलंय?”

“लहानपनी. सिद्धगडाच्या अंगाला लय असायचे.” माणसाने सुस्कारा टाकला. “आता राहिले नायत.”

“एखादा असंल,” कोंडू म्हणाला.

“नाय हो. औषध मारतात ना शेतात. संपले सगळे.”

बाई नवऱ्यावर खेकसली, “गोनी डोक्यावर हाय नि पाखरं कसली सांगत बसलात?” आणि दोघं फलाटाकडे गेली.

कोंडू तिथेच उभा होता. आता तो ठरवून उभा नव्हता. नाकाला खाज नव्हती, पाय कुठे ठेवावे हा प्रश्न नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे गोदू होती, पदर खोचलेली, कपाळावर आडवा हात धरून हाक मारणारी; आणि तिचा शब्द कोणाच्या तरी माहेरवाशिणीबरोबर, कोणाच्या तरी सावडीबरोबर, शेतांमागून शेतं ओलांडत इथपर्यंत आलेला, वाटेत एक आजी आणि एक पाखरू मिळवून. गाडी लागली. लोक चढले. नम्रता गाडीच्या दारातून हाका मारत होती, त्या त्याला ऐकू येत नव्हत्या.

गाडीच्या खिडकीतून ती ठेंगणी बाई कमरेपर्यंत बाहेर आली.

“ओ बाबा! तुमीबी गोजर झालात का? गाडी सुटली!”

सगळा स्टँड हसला. कोंडू धावत सुटला. डॉक्टरने उत्तम म्हटलेलं हृदय घेऊन तो धावत्या गाडीच्या पायरीवर चढला, आणि कंडक्टरच्या शिव्या खात आत आला. तो हसत होता आणि डोळे पुसत होता, आणि कंडक्टरला यातलं नेमकं कशाचं तिकीट द्यावं कळत नव्हतं.

नम्रताच्या शेजारी बसल्यावर ती त्याच्या कानाशी म्हणाली, “बाबा, टोल्मरचं सुद्धा एवढं नाय झालं. त्याला अजून कोणी पक्षी नाय म्हणत.”

“तेला बायको नव्हती ना.”

तिने बापाचा हात धरला. मग पुढच्या बाकाकडे बघत उठायला लागली. “त्यांना सांगते मी. हेच ते गोजर म्हणून.”

कोंडूने तिला खाली ओढलं. “अजाबात नाय.”

“का?”

“सांगितलंस तं तीबी पानी आनून देईल.”

*

गावात उतरले तेव्हा ऊन कललं होतं. वाटेवरच्याच शेतात सावड बसली होती. दोघांना येताना बघून ओळ थांबली. धोंडीबाई उठून बांधावर आली, एका हातात विळा, दुसऱ्या हातात तांब्या तयार.

“काय म्हनाला डॉक्टर?”

“तो काय नाय म्हनाला,” कोंडू बांधावर टेकला. “पन वहिनी, मुरबाडच्या स्टँडवर एक बाई मला म्हनाली.”

“काय म्हनाली?”

“गोजर म्हनाली. भर स्टँडात. सगळ्यांच्या समोर.”

देवजीने मान खाली घातली. धोंडीबाईचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

“कोन ती?”

“सिद्धगडाकडची कोनतरी. वळख ना पाळख. म्हनली, आमच्याकडचा जुना शबूद हाय, आजी म्हनायची.”

“आजी म्हनायची?” धोंडीबाईच्या हातातला तांब्या हिंदकळला. “तिची आजी? अवो, हितं, ह्या खाचराच्या पल्याड, माज्या शेजारी बसून काढला तो शबूद आमच्या गोदूनं! माज्या कानानं ऐकला मी! आनि ती सटवी आजीचा म्हनते? आनि तुमी ऐकून घेतलंत? तिला दोन शब्द सुनवायचे सोडून तिथं गोजर होऊन उभे राहिलात?”

बोलली, आणि मग तिला कळलं काय बोलली ते. तिने पदर तोंडाशी नेला.

“हो,” कोंडू म्हणाला. “गोजर होऊनच उभा राहिलो.”

धोंडीबाईने त्याच्याकडे नीट बघितलं, नम्रताकडे बघितलं. मग तिने तांब्यातलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

“तीन दिस त्याच्यासाठी उभे होतात होय?” ती म्हणाली. “आनि मी लिंबं पिळत बसले. येका लिंबाला काय भाव पडतो म्हाईत हाय का?”

ओळीतून कोणीतरी खुदकन हसलं. देवजी लांबूनच ओरडला, “आता बसतोस का कापायला, का अजून मशीन लावायची?”

कोंडूने घरातून गोदूचा विळा मागवला. तिच्या मुठीने झिजलेली मूठ त्याच्या हाताला जरा लहान पडायची, तरी घेतला. ओळीत मधोमध बसला आणि कापत राहिला. डोंगरावरचं ऊन तांबडं होत गेलं. सिद्धगडाचं टोक अजून दिसत होतं. कोंडू कधी उठला ते त्याला समजलं नाही.

मागून एकदम सगळी ओळ ओरडली. पाणी कोणी आणलं नाही.